डब्यातली सात निर्णयपत्रं

"सात!" नवऱ्याने बिस्किटांचा जुना डबा टेबलावर पालथा केला. "एक नाही, दोन नाही, सात वेळा तारण झालंय तुझं. आणि तरी त्या सभेवाल्यांच्या रविवारच्या बाप्तिस्म्याला पुन्हा नाव देऊन आलीस?"

"डब्यात ठेवा ती. टेबल ओलं आहे," ती म्हणाली आणि विसळलेलंच पातेलं पुन्हा नळाखाली धरलं.

विजेचं बिल शोधताना मुलीच्या हाताला तो डबा लागला होता. खास सभेला बाहेरगावचे उपदेशक आले की शेवटी हात वर करायला सांगत. हात वर केला की एक पत्र भरायचं: आज मी प्रभूला माझं जीवन दिलं, माझं तारण झालं, पापातून सुटका झाली; खाली तारीख, खाली सही. अर्धं ते नेत, अर्धं आपल्याकडे राही. माणसं आयुष्यात एकदा ते भरतात आणि जपून ठेवतात. हिच्याकडे एकोणिसाव्या वर्षापासून गेल्या वर्षापर्यंतची सात निघाली. सही तीच, अक्षर तेच, फक्त शाई वेगवेगळी.

"आई, मधल्या काळात तू कोण होतीस गं?" मुलीने पत्रं तारखेनुसार लावत विचारलं. तिला हसू आवरत नव्हतं.

"तेच तर मला कळत नाही," ती म्हणाली. मुलीचं हसू ओठांवरच राहिलं.

घरात तिला सगळे चेकर म्हणत. कपड्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं ती तयार शर्ट तपासायची. आधी कॉलर, मग बटणं, मग बाही उलटी करून काखेतली शिवण. खोट दिसली की लाल बाण चिकटवायचा, नसली की खिशात चौदा नंबरची चिठ्ठी सरकवायची. चौदा म्हणजे ती. घरीही तेच. गॅसचं बटण तीनदा, कुलूप तीनदा, आणि खाली उतरल्यावर पुन्हा वर येऊन चौथ्यांदा. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. घर चौथ्या मजल्यावर.

"रोज शेकडो माणसं लिफ्टमध्ये चढतात," तो आता म्हणाला. "दोर तपासून चढतं का कुणी?"

"मी म्हणूनच जिन्याने येते."

तो खुर्चीत बसला. "अगं, मी चर्चच्या मंडळीचा पंच आहे. लोक म्हणतील, पंचाच्या बायकोला लहानपणी एकदा कपाळाला बाप्तिस्म्याचं पाणी लागलं, लग्नाआधी हौदात एकदा बुडवली, आता तिसऱ्यांदा. ती काय कपडा आहे, इतक्यांदा भिजवायला?"

तिला लोकांचं काही नव्हतं. तिला मंगळवारची भीती होती. पहिलं पत्र भरलं तेव्हा ती ढसाढसा रडली होती. वाटलं होतं, झालं, सुटले. मग मंगळवारी धाकट्या बहिणीवर ती अशी काही खेकसली की स्वतःचाच आवाज तिला ओळखू येईना. ज्याचं तारण झालं तो असं बोलेल? म्हणजे झालंच नसणार. रडणं खरं नसणार. पुढच्या सभेत आणखी मनापासून हात वर केला. तेही मंगळवारपर्यंतच टिकलं. पाळकसाहेबांना विचारलं तर त्यांनी बायबलातलं वचन दाखवलं, विश्वास ठेव म्हणाले. ती घरी आली आणि आपण ठेवलेला विश्वास खरंच विश्वास आहे का, हे तपासायला बसली.

"आणि प्रभुभोजन?" कोपऱ्यातल्या पलंगावरून सासूबाई बोलल्या. "तेही सांग ना त्याला."

तिने नळ बंद केला.

"अकरा महिने झाले," सासूबाई म्हणाल्या. "चर्चमध्ये ताट आलं की ही न घेता पुढे सरकवते. भाकरीचा तुकडा नाही, प्याला नाही."

"आई, तुम्हाला कसं कळलं?"

"डोळे गेलेत गं माझे, कान नाही गेले. शेजारी बसतेस, चावल्याचा आवाज नको यायला?"

नवऱ्याचा चेहरा उतरला. इतका वेळ तो चिडला होता, आता घाबरला. "अकरा महिने? मला नाही सांगितलंस?"

"काय सांगू? अयोग्यपणे घेतलं तर दंड ओढवतो, असं शास्त्रात लिहिलंय ना?"

"तू अयोग्य, मग मी कोण?" त्याने विचारलं. तो रोज सकाळी दोन मिनिटं प्रार्थना करून, दाढी करून, शीळ घालत कामावर जाणारा माणूस होता. त्याला हे कसं समजावणार?

सासूबाई म्हणाल्या, "मला तर जन्माचीही तारीख माहीत नाही. कुणी लिहून ठेवलीच नाही. म्हणून काय मी जन्मलेच नाही?"

बोलणं पटलं तिला. पण पटल्याने काय होतं? याआधी अशा किती गोष्टी पटल्या होत्या. सगळ्यांसमोर ती ओट्याशी उभी राहिली आणि हात पुसत राहिली. "मला रात्रंदिवस मागून खात्री मिळत नाही," ती म्हणाली, "तर मी काय करू, तेवढं सांगा. कुणीही सांगा." मुलीने पत्रं गोळा करून डब्यात ठेवली आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिने चाळीस शर्टांतले एकतीस लाल बाण लावून परत पाठवले. दुपारी सहा नंबरच्या मशीनवरची शिलाईवाली गठ्ठा काखेत मारून थेट तिच्या टेबलाशी आली. दोघी एकाच महिन्यात कामाला लागल्या होत्या.

"काय खोट आहे यांत?"

"काखेत शिवण सुटते."

"दाखव."

तिने एक शर्ट उलटा केला, काखेतली शिवण दोन अंगठ्यांत धरली आणि ओढली. सुटली नाही. आणखी ओढली. तिसऱ्यांदा नखं पांढरी होईपर्यंत ओढली, तेव्हा टाका तटकन तुटला.

"बघ," ती म्हणाली.

"काय बघू? तू तोडलीस! अगं बाई, अशी ओढलीस तर तुझी कातडीसुद्धा उसवेल." शिलाईवाली तणतणत मशीनवर गेली, तीच शिवण पुन्हा मारली आणि शर्ट आणून टेबलावर आपटला. "आता हात लावू नकोस. घाल."

"मी?"

"मग काय मी? घाल अंगात, वर हात कर, खाली कर. माणसं हेच करतात शर्टाचं. ओढत नाही बसत."

अंगावरच्या कपड्यांवरून तिने तो पुरुषी शर्ट चढवला. हात वर केले, खाली केले. पलीकडच्या ओळीतल्या बाया खिदळल्या. शिवण राहिली. कसला आनंद झाला नाही, उजेड पडला नाही. अंगठे तेवढे ठणकत होते. त्या ठणकणाऱ्या अंगठ्यांकडे बघताना तिला वाटलं, सात पत्रांतलं एकही आपण एवढ्या ओढाओढीत टिकू दिलं नाही. आणि रविवारी हौदातून बाहेर आल्यावर अंगठे हेच असणार. मंगळवारी ते पुन्हा ओढायला बसणार. ते थांबवणं तिच्या हातात नव्हतं. बावीस वर्षं तेच तर करत आली होती ती. पण ओढून न बघता अंगात घालणं, तेवढं जमलं होतं.

शर्ट उतरवून तिने एकतीसच्या एकतीस शर्टांवरचे बाण काढले. मग खिशांत चौदा नंबरच्या चिठ्ठ्या सरकवल्या. सुट्टी झाल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानाबाहेर उभं राहून तिने सभेवाल्यांना फोन केला, नाव खोडायला सांगितलं. पलीकडच्या माणसाने अडचण विचारली. ती म्हणाली, काही नाही.

घरी ती जिन्यानेच आली. नवरा पेपर वाचत होता, मुलगी आजीच्या डोळ्यांत औषध घालत होती. तिघांनी एकदम तिच्याकडे पाहिलं, कालचं भांडण अजून खोलीतच बसलेलं होतं. तिने पिशवी खुंटीला लावली. गॅसचं बटण पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"रविवारी मी हौदावर जाणार नाही," ती म्हणाली. "आपल्याच मंडळीत आईंच्या शेजारी बसेन. ताट आलं की मी घेणार आहे. खात्री बित्री काही झालेली नाही, विचारू नका. पण घेणार आहे."