पळसाच्या देठांचा माणूस

भुतंखेतं, शकुन, अंगात येणं... या प्रकारांची मला लहानपणापासून चीड आहे. झाशीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. रक्त, लघवी, थुंकी यांच्याशी दिवसभर गाठ पडते, आणि त्यातलं काहीच मला आजवर गूढ वाटलेलं नाही. शंका आली की सॅम्पल परत लावायचं, एवढंच माझं तत्त्वज्ञान. त्यामुळे असल्या अनुभवांच्या या सदरात मी लिहीन असं मला कुणी सांगितलं असतं, तर त्याचंच सॅम्पल मी परत लावलं असतं.

लिहायचं कारण सांगतो. मध्यंतरी इथेच न सुटलेल्या केसेसवर चर्चा चालली होती आणि त्यात कुणीतरी 'बबीना की बाइक' या यूट्यूब व्हिडिओची लिंक टाकली. एक तरुण बेपत्ता होतो, त्याची मोटरसायकल बबीन्याच्या बाजारात सापडते. कुलूप घातलेली, हेल्मेट हँडलला टांगलेलं, टाकीत पेट्रोल. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आपापले तर्क लढवले. कुणी म्हणालं मुलीचं लफडं, कुणी म्हणालं किडनीवाली टोळी, तर कुणाला त्यात हेरगिरी दिसली, कारण बबीना म्हणजे छावणी. एकाने हसणारी स्माइली टाकून लिहिलं होतं, 'मस्त केस आहे.'

ती बाइक माझ्या दादाची. मुकुंददादा, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. लग्न झालेलं नव्हतं, खासगी कंपनीत साधी नोकरी, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. एका रविवारी सकाळी पोहे खाऊन मित्राकडे बबीन्याला गेला आणि मित्राकडे पोचलाच नाही. वडील आधीच गेले होते. घरात राहिलो आई आणि मी.

(आमचं घराणं आठ पिढ्यांपासून झाशीत आहे. मराठी फक्त घरात बोलतो, बाहेर सगळी हिंदी. तेव्हा भाषेत काही इकडचं-तिकडचं झालं तर सांभाळून घ्या.)

पोलिसांनी पहिले सहा महिने शोध घेतला, मग फक्त फाइल राहिली. आम्ही दादाचा फोटो आणि माझा मोबाइल नंबर देऊन पेपरात 'आपण यांना पाहिलंत का' छापलं. त्यानंतर आईचं एक सुरू झालं. बेवारस प्रेत आलं असं कळलं की ती जाऊन बघायची. झाशी, ललितपूर, एकदा गरौठ्याला शेतात कुणी सापडलं तर तिथेही. तोंड ओळखण्याच्या पलीकडे गेलेलं असलं तर ती पाय बघायची. पाय बघून म्हणायची, "आपला नाही रे. चल." आणि येताना बसमध्ये तिला गाढ झोप लागायची. माझ्या डोळ्याला डोळा लागत नसे. बारा वर्षं मी तिच्याबरोबर परक्यांचे पाय बघितले. मला आता ते सहन होत नव्हतं, हे सरळ कबूल करतो.

आपल्यात बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मग पालाशविधी करतात, म्हणजे पळसाच्या पानांच्या देठांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायचा. तीनशेसाठ देठ, डोक्याच्या जागी नारळ, लोकरीच्या धाग्याने सगळं बांधायचं आणि वरून जवाच्या पिठाचा लेप. त्यानंतर तो माणूस शास्त्राने गेला. हे मला ग्वाल्हेरच्या गुरुजींकडून कळलं. झाशीतले आपले शेवटचे मराठी भिक्षुक वारल्यापासून आम्ही त्यांनाच बोलावतो.

"आणि समजा गुरुजी, नंतर माणूस परत आला तर?" मी विचारलं.

"त्याचीही सोय आहे श्रीकांतजी. त्याचं परत जातकर्म करायचं, परत बारसं. नवा जन्म समजायचा." त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की मला हसू आलं.

आई मात्र ऐकेना. ती काही फार सोवळ्याओवळ्यातली बाई नाही, पण या बाबतीत तिने पाय रोवले. "माझं मन सांगतं तो आहे," ती म्हणायची. "कुठे आहे, कसा आहे, भगवान जाणे. पण आहे. असलेल्या माणसाला अग्नी देऊ नये बेटा."

मी दोन महिने तिच्या मागे लागलो. शेवटी एक दिवस तिच्यावर ओरडलो. "पळसाच्या काड्या जाळल्याने कुणाचं काय बिघडतं गं? निदान तुझं हे मॉर्चरी फिरणं तरी थांबेल!" ती उठून आत जायला निघाली. मग म्हणाली, "कर तुला करायचं ते." मी त्याला होकार समजलो.

देठ मिळवण्यातच माझा एक दिवस गेला. बड़ा बाज़ारात पत्रावळी-द्रोणवाल्याकडे गेलो आणि म्हणालो, पानं नकोत, देठ हवेत, साडेतीनशेच्या वर. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "भैया, डंठल तो हम फेंक देत हैं. करोगे का?" काय सांगणार? म्हणालो, बच्चों के स्कूल का प्रोजेक्ट है. त्याने पोतंभर फुकट दिले.

माघ महिना होता, बेतवेच्या काठी सकाळचं ऊन छान पडलं होतं. आई आली नाही. मी आणि गुरुजी दोघंच. त्यांनी सांगितलं त्याप्रमाणे मी देठ मोजून दिले. हातांना पन्नास-पन्नास, मांड्यांना शंभर, असं काहीसं. दर्भावर माणूस तयार झाला. खरं सांगतो, तेव्हा मनात काही म्हणजे काही नव्हतं. गुडघे अवघडले होते आणि चहा हवा होता.

उचलून चितेवर ठेवताना त्याचा डावा हात खांद्यापासून निखळला. माझीच चूक. दहा हातांचं काम दोन हातांनी केलं की असंच होतं. लोकर संपली होती आणि हात काही केल्या खांद्याला टिकेना. गुरुजी म्हणाले, "वेगळा ठेवू नका, कशानेही बांधा." मी माझा रुमाल काढला आणि तो हात कोपरात मुडपून छातीलाच आवळून टाकला, प्लॅस्टर घातल्यावर गळ्यात अडकवतात तसा. वर गंमतही केली. म्हटलं, "दादा, आता सहा आठवडे क्रिकेट बंद." गुरुजी हसले नाहीत.

अग्नी दिला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. वेळ अचूक सांगतो, कारण त्याच क्षणी लॅबमधून एका रिपोर्टबद्दल मेसेज आला आणि तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. देठ ओलसर होते, त्यामुळे ज्वाळा कमी आणि धूर फार. आम्ही दोघं खोकत मागे सरलो.

नवव्या दिवशी फोन आला. मध्य प्रदेशातल्या एका लहानशा स्टेशनवरून रेल्वे पोलिसांतला हवालदार बोलत होता. झाशीपासून तीन-साडेतीन तासांचं अंतर. प्लॅटफॉर्मवर एक माणूस मेलेला सापडला होता. ओळख पटली नाही म्हणून नियमाप्रमाणे तीन दिवस ठेवून अंत्यसंस्कार उरकले होते. नंतर त्याची पिशवी नीट तपासली तर आत प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेलं पेपरचं एक कात्रण निघालं. त्यावर माझा नंबर होता.

आमचीच जाहिरात. दादाकडे ती होती! आपल्याला घरचे शोधताहेत हे त्याला ठाऊक होतं, बारा वर्षं त्याने तो कागद जपला, आणि तो आला नाही. का आला नाही? कशाला भीत होता? की कुणी येऊ देत नव्हतं? बाइक बबीन्यात का सोडली? व्हिडिओखाली कमेंट करणाऱ्यांनी पाहिजे तेवढे तर्क करावेत. माझ्याकडे एकही नाही.

आईला लॅबचं ट्रेनिंग आहे म्हणून सांगितलं आणि एकटाच गेलो. हवालदार भला माणूस होता, त्याने मोबाइलवरचे फोटो दाखवले. दाढी वाढलेली, केस पांढरे, पण दादाच. ओळखायला एक सेकंद लागला नाही. दुसऱ्या फोटोत तो बाकावर आडवा होता आणि त्याचा डावा हात कोपरात मुडपून गमछाने छातीला बांधलेला होता.

मी विचारलं, हे कुणी बांधलं? हवालदार मला प्लॅटफॉर्मच्या टोकाच्या चहावाल्या बाईकडे घेऊन गेला. म्हातारी होती, बोलकी. (तिच्या बुंदेलीत भुनसारे म्हणजे पहाट आणि घाम म्हणजे ऊन.)

"हमई ने बाँधो भैया. भुनसारे की गाड़ी से उतरे हते, चाय पी, इतई घाम में बैठे रहे. भले-चंगे हते. फिर एकदम से कंधा पकर के चिल्लाए. न गिरे, न काऊ ने छुओ. हाथ लटक गओ. बोले अम्मा, बाँध दो."

"और फिर?"

"फिर खाँसन लगे. कहें, अम्मा, धुआँ बहुत है. हमने कही, धुआँ कहाँ, हमाओ तो गैस को चूल्हो है. खाँसत-खाँसत लुढ़क गए."

दिवस कुठला ते मी विचारण्याआधीच हवालदाराने कागद पुढे केला होता. स्टेशनमास्तरने पोलिसांना मृत्यूचा मेमो दिला तो अकरा पंचवीसला. तारीख आमच्या विधीचीच. मी फोनमधला लॅबचा तो मेसेज काढून वेळ ताडून पाहिली. बाईने पाणी दिलं आणि विचारलं, "कौन लगत हते तुमाए?" मी म्हणालो, "बड़े भाई." ती हळहळली. मेल्यावर त्यांच्यासाठी अगरबत्ती लावली होती म्हणाली.

तरीही, लॅबवाला माणूस मी, पोस्टमॉर्टेमची प्रत मागून घेतली. डावा खांदा निखळलेला. अंगावर मार नाही, भाजल्याची खूण नाही. आणि एक ओळ, जी मी गाडीत बसून कितीदा वाचली कोण जाणे... श्वासनलिकेत काजळीचे कण.

आमच्या डॉक्टरसाहेबांना नाव न सांगता ते विचारलं. ते म्हणाले, जिवंत माणसाने धूर श्वासातून आत घेतल्याशिवाय काजळी तिथवर जात नाही. मी म्हटलं, पण सर, हा माणूस सकाळभर मोकळ्या प्लॅटफॉर्मवर उन्हात बसला होता. "मग रात्री कुठेतरी शेकोटीशी झोपला असेल," असं म्हणून ते कामाला लागले.

असेल. शेकोटी असेल, खांदा जुना अधू असेल, वेळ जुळणं हा योगायोग असेल. एकेक गोष्ट वेगळी काढली तर प्रत्येकीला उत्तर आहे, मी शंभरदा करून पाहिलंय. तिन्ही एकत्र ठेवली की माझी मती गुंग होते. सॅम्पल परत लावावं म्हणतो, तर लावायला काही उरलेलं नाही. परक्यांच्या हातून तिकडे जळालेला तो, आणि इकडे माझ्या हातून.

गुरुजींना फोन केला. सगळं नाही सांगितलं, फक्त एवढंच, की दादाचा खरोखर मृत्यू झाल्याचं कळलंय, आता काय करायचं? त्यांनी दिवस विचारला. मी सांगितला. पलीकडे पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला.

"काही करायचं नाही श्रीकांतजी," शेवटी ते म्हणाले. "एका माणसाला दोनदा अग्नी देत नाहीत. तिथीही तीच राहील."

म्हणजे माझ्या हातून त्याच्यासाठी आता एक दर्भाची काडीसुद्धा इकडची तिकडे होणार नाही. रडायचं म्हटलं तरी घरात कारण काय सांगू? सगळ्यांच्या लेखी दादाचं रडून झालेलं आहे. हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगतोय, तेही नाव बदलून. खुलासा मागू नका, नाही माझ्याकडे. कुणाकडे असेल तर त्यानेही तो आपल्यापाशीच ठेवावा, कारण दोनच उत्तरं संभवतात, आणि त्यातल्या एकासकट मला जगता येणार नाही.

आईचं मात्र बरं चाललंय. मॉर्चरीला जाणं बंद झालं. रात्री झोपते, दोन घास जास्त जेवते, शेजारणींबरोबर भजनाला जाते. परवा तांदूळ निवडता निवडता मला म्हणाली, "तू ओरडलास तेव्हा फार राग आला होता रे तुझा. पण तुझंच खरं होतं. त्या दिवसापासून माझ्या छातीवरचा दगड उतरला. उगाच अडवत बसले मी... आधीच करायला हवं होतं आपण."

मी म्हणालो, "हो."