फुकटचं कार्ड

“सुजाता, ह्यात पैसं लागत न्हाईत न्हवं? खरं सांग.”

त्रिशलाक्का तिसऱ्यांदा विचारत होत्या. जहाजावरच्या मोठ्या हॉलमध्ये बिंगो सुरू व्हायला पाच मिनिटं उरली होती. माझे सगळे गेस्ट कार्ड घेऊन खुर्च्यांवर बसले होते. आक्का तेवढ्या दाराशी उभ्या होत्या, खांद्यावरून पदर घट्ट ओढून.

“नाही हो आक्का, फुकट आहे. या, बसा,” मी म्हणाले.

मी तेवीस वर्षं टूर मॅनेजर आहे. गाईड वेगळा आणि टूर मॅनेजर वेगळा. गाईड किल्ला दाखवून घरी जातो. टूर मॅनेजर निघाल्यापासून परत येईपर्यंत तुमचं हरवलेलं सामान, दुखणारे गुडघे आणि रुसवेफुगवे सांभाळतो. या कामात थोडं खोटं बोलावं लागतं. “बस पाचच मिनिटांत येतेय” हे आमच्यात कुणी खोटं धरत नाही. आक्कांना दिलेलं उत्तरही मी त्याच हिशेबात धरलं होतं.

आमचं ऑफिस साताऱ्यात. गेस्ट बहुतेक सातारा, वाई, कराड, सांगली या पट्ट्यातले. ही सहल सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझची होती, तीन रात्रींची. त्रिशलाक्का सांगलीजवळच्या कृष्णाकाठच्या गावातल्या. वय अडुसष्ट, घरची हळद आणि ऊस. यजमान वारून चार वर्षं झालेली. आईनं एकदा समुद्र बघावा म्हणून पुण्यातल्या मुलीनं बुकिंग केलं होतं. एकट्या बाई असल्या की आम्ही त्यांना टूर मॅनेजरच्या केबिनमध्ये घेतो, म्हणजे वेगळ्या केबिनचा जादा खर्च पडत नाही. त्यामुळे आक्का माझ्याच केबिनमध्ये होत्या.

त्यांचं जेवण हे या सहलीतलं माझं मोठं काम होतं. जैन, कंदमुळं वर्ज्य, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. जहाजावर जेवणाच्या दोन पाळ्या असतात. पहिली पाळी सहाची आणि तिथं सूर्य मावळतो सातच्या सुमाराला. मी निघायच्या आधीच मेल करून करून आक्कांसाठी पहिली पाळी पक्की केली. शेफला भेटून बटाट्याशिवाय काय काय होतं त्याची यादी घेतली. आक्का पहिल्या दिवशी जेवून उठल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, “पोरी, माझा नियम लय सांभाळलास.” मी भलतीच खूश झाले. आपल्याला या बाईचे सगळे नियम कळले, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिंगो होता. बिंगो म्हणजे आपली हौजीच, थोड्या फरकानं. कार्डावर चौकोनात आकडे असतात. होस्ट यंत्रातून एकेक गोळी काढतो आणि आकडा पुकारतो. आपल्याकडे असला तर खोडायचा. सगळे खोडले गेले की पुढचा आकडा यायच्या आत “बिंगो” म्हणून ओरडायचं. बसमध्ये आपण खेळतो तेव्हा बक्षीस म्हणून बिस्किटाचा पुडा असतो. जहाजावर कार्ड विकत घ्यावं लागतं आणि जमलेल्या पैशातून बक्षीस निघतं. मग तो खेळ काय झाला, हे सांगायला माझी गरज नाही.

आमच्या साहेबांनी निघतानाच बजावलं होतं. “बिंगोचा ग्रुप फोटो पाहिजे. सगळे दिसले पाहिजेत. कुणी एकटं केबिनमध्ये बसलंय असं होता कामा नये.” कार्डांसाठी त्यांनी सगळ्या गेस्टकडून आधीच घेतलेल्या ‘टिप्स आणि इतर’ या रकमेतून तरतूद केली होती. म्हणजे आक्कांच्या कार्डाचे पैसे आक्कांनीच भरले होते. त्यांना ते ठाऊक नव्हतं. मला होतं.

जेवताना त्या मला स्वच्छ म्हणाल्या होत्या, “तुमी खेळा. मला जुगार चालत न्हाई. नियम हाय.”

आणि मी हसून म्हणाले होते, “अहो, जुगार कसला? हौजी आहे. लहान पोरं खेळतात.”

तर आक्का आत आल्या, माझ्या शेजारी बसल्या. मेढ्याचे एक निवृत्त गुरुजी पलीकडून म्हणाले, “आवं आक्का, उलीसं हसा की. परीक्षा न्हाई ही.” आक्कांनी चष्मा लावला. इंग्रजी येत नसलं तरी आकडे येत होते, शिवाय पडद्यावर मोठे दिसत होते. चार-पाच आकडे खोडले आणि बाई रंगात आल्या. माझंच कार्ड चुकतंय म्हणून मला ढोसायला लागल्या. “अगं, बावन्न गेला की तुझा! लक्ष कुटं हाय?”

शेवटी त्यांचा एकच आकडा राहिला. एकोणीस. आमची सगळी रांग त्यांच्या कार्डावर वाकली होती. एकोणीस पडद्यावर आला आणि आक्का ताडकन उभ्या राहिल्या. “झालं! माझं झालं बघा!” बिंगो म्हणायचं त्या विसरल्याच. मग आमच्या बत्तीस जणांनी मिळून असा बिंगो केला की होस्टनं कान झाकले.

कार्ड तपासलं, बरोबर निघालं. होस्टनं त्यांना स्टेजवर नेलं आणि हातात पाकीट दिलं. फोटो झाला. साहेबांना हवा होता त्यापेक्षा चांगला झाला.

खाली उतरल्यावर आक्कांनी पाकीट उघडून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “ह्यात डॉलर हाईत. कुणी दिलं ग हे?”

“जहाजाच्या कंपनीनं. भेट आहे,” मी म्हणाले. एक खोटं बोललं की दुसरं आपोआप येतं, त्याला वेगळं धाडस लागत नाही.

“मग बरं,” आक्का म्हणाल्या, आणि पाकीट कपाळाला लावून त्यांनी पिशवीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जप आटोपून त्या डेकवर आल्या. मी गेस्टच्या किनाऱ्यावर उतरण्याच्या पासांची जुळणी करत होते. समोर समुद्र सपाट पसरला होता. आक्का रेलिंगला धरून उभ्या होत्या आणि मी काही विचारलं नसताना बोलायला लागल्या.

“आमचं मालक पत्त्याला लय बसायचं. शेताकडं जातो म्हणायचं आन् मळ्यात डाव मांडायचं. मी भांडली, माह्यारी गेली, कशाचा उपेग न्हाई. एका चातुर्मासात महाराज गावात हुतं. मी म्हटलं, मी नियम घेते, तुमी नका घेऊ. तर हे माझ्या शेजारी यून हात जोडून बसलं. जोडीनं नियम घेतला. तवापास्नं एकतीस वर्सं त्यांनी पत्त्याला हात लावला न्हाई. आता त्यांच्या वाटचा बी मीच सांभाळते.”

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ते पाकीट हाय न्हवं, त्यातनं ह्यांच्या नावानं आहार द्यायचा. चातुर्मास जवळ आलाय.”

आहार म्हणजे त्यांच्या मुनिमहाराजांचं जेवण. दिवसातून एकदाच, तेही कुणाच्या घरी आधी ठरवून नाही. त्यासाठी श्रावकाचा, म्हणजे आहार देणाऱ्या गृहस्थाचा, पैसा न्यायानं मिळवलेला लागतो, हे त्यांनीच मला सांगितलं. मी हातातल्या पासांकडे बघत राहिले. त्या वेळी सांगायला हवं होतं. आक्का रडल्या असत्या, माझ्यावर चिडल्या असत्या, पाकीट समुद्रात टाकलं असतं. पण तेवढ्यावर भागलं असतं.

आमच्या ऑफिसात नवीन आलेल्यांना मी पहिल्याच दिवशी शिकवते, की वाईट बातमी गाडी थांबायच्या आत सांगायची. फ्लाइट रद्द झाली, हॉटेल बदललं, बॅग आली नाही, लगेच सांगायचं. जितका उशीर तितका गेस्ट भडकतो. मी स्वतः साठ माणसांच्या तोंडावर “आज विमान नाही” असं सांगितलेलं आहे आणि शिव्या खाल्लेल्या आहेत. आणि एका म्हाताऱ्या बाईला दोन वाक्यं सांगायला माझी जीभ उचलेना.

परतल्यावर मी साहेबांपाशी विषय काढला.

“साहेब, त्या सांगलीच्या आक्कांना सांगायला पाहिजे.”

“काय?”

“कार्डाला पैसे होते ते.”

“त्यांनी तक्रार केलीय का?”

“नाही. फीडबॅक फॉर्मवर आपल्याला पैकीच्या पैकी दिलेत.”

“मग? खूश गेस्टला दुरुस्त करायला जाऊ नये, मॅडम.”

मी साहेबांवर मनातल्या मनात चिडले, पण खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. वरिष्ठांनीच नको म्हटल्यावर माझा काय दोष, असं म्हणून मी पुढच्या टूरच्या व्हिसाला लागले.

दीड महिन्यानं आक्कांचा फोन आला. “सुजाता, आयतवारी चौका लावलाय. तू यायचंस. तुज्यामुळं जिंकलं, तुज्याबिगर कसं?” चौका म्हणजे शुद्ध, सोवळ्यातला स्वयंपाक मांडून महाराजांची वाट बघणं. महाराज येतीलच असं नसतं. घराघरातून लोक दारात उभे राहून विनवतात. महाराजांनी मनाशी जी खूण धरलेली असेल ती ज्या दारात जुळेल, तिथं ते थांबतात. आक्का म्हणाल्या, “अकरा वर्सं झाली बघ, आमच्या दारात कुनी थांबलं न्हाईत.”

फोनवर सांगता आलं असतं. मी म्हणाले, “येते.” समोरासमोर सांगू, आहाराच्या आधी सांगू, असं ठरवलं. रविवारी पहाटे साताऱ्याहून निघालेसुद्धा. साडेआठपर्यंत सहज पोचले असते. पण कराडला मी चहाला थांबले. चहा झाल्यावर पेपर वाचत बसले. मग गाडीत हवा भरून घेतली, जी कालच भरली होती. या सगळ्याला मी त्या वेळी काहीतरी कारणं दिली होती. ती आता आठवत नाहीत, आणि आठवली तरी खरी नसतील.

गावात पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. आक्कांच्या दारात रांगोळी पुसट झाली होती आणि अंगणात बायका उभ्या होत्या. आक्का सोवळ्याच्या साडीत होत्या. मला बघून त्या अक्षरशः धावत आल्या.

“अगं, थांबलं! महाराज आमच्या दारात थांबलं! माझ्या हातनं आहार झाला!” त्यांचे डोळे भरून आले होते. “ह्यांच्या नावानं झाला बघ.”

मी तिथंच गप्प बसायला हवं होतं की बोलायला हवं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. पण त्यांनी मला आत नेऊन पाटावर बसवलं, पान वाढलं, आणि तो घास माझ्यानं उचलवेना. मी सांगून टाकलं. कार्ड विकतचं होतं. तुमच्याच पैशातून घेतलेलं होतं. बक्षीसही सगळ्यांच्या कार्डांच्या पैशातूनच आलेलं. मला ते आधीपासून माहीत होतं.

आक्का ऐकून घेत होत्या. हातातली पळी त्यांनी हळूच भांड्यात ठेवली.

“मी तिनदा इचारलं हुतं तुला,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मग येवढं सकाळी तरी यायचं हुतंस, सुजाता.”

यापलीकडे त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला सोसलं असतं. दुपारी त्या एकट्याच महाराज उतरले होते तिकडे सगळं सांगायला गेल्या. मी गाडी काढून साताऱ्याला आले. छातीवरचा दगड उतरला होता. येताना मी कराडला न थांबता आले, हे आठवलं की लाज वाटते.

आमच्या बुकिंग फॉर्मवर आता एक ओळ जास्त आहे: जेवणाखेरीज इतर काही नियम? साहेबांना ती पटलेली नाही, फुकट जागा जाते म्हणतात. बरेच गेस्ट ती रिकामी सोडतात. जे भरतात त्यांना मी स्वतः फोन करते. आणि खेळाच्या तिकिटाला पैसे असतील तर ते मोठ्या अक्षरात छापते.

दिवाळीनंतर धीर करून मी आक्कांकडे गेले. त्यांनी आधीसारखंच आत नेलं. पाटावर बसवून चहा दिला, लाडू दिला. स्वतःला बिनसाखरेचा चहा घेतला.

“शुगर निघाली का, आक्का?” मी विचारलं.

“न्हाई ग. गोड सोडलंय वर्सभर.”

“महाराजांनी सांगितलं?”

“न्हाई. महाराज म्हनलं, अजाणता झालंय. चार दिवस एक येळ जेवा आन् जप करा. ते माझ्या वाट्याचं हुतं, मी तवाच केलं.” त्यांनी कप खाली ठेवला. “पर नियम जोडीचा न्हवं का? ह्यांना गोड लय लागायचं. म्हनून गोड सोडलंय, ते ह्यांच्या वाट्याचं.”

माझ्या चहात साखर होती. मी तो संपवला, लाडूही खाल्ला. माझ्या वाट्याचं त्या घरात कुणी मला काहीच सांगितलं नाही.