हात धरल्याचा गुन्हा

आमच्या गल्लीत एकाला सगळे शिट्टी म्हणतात. त्याचं खरं नाव त्याच्या आईलाच आठवत असेल. सार्वजनिक वर्तन खात्यात तो मुकादम. बसथांब्यावर कुणी मोठ्याने हसलं, बाकावर पाय वर घेतले, की याची शिट्टी वाजलीच. हसण्या-बसण्याला दंड, आणि हातात हात घालून चाललं तर थेट पिवळी बंडी घालून भर चौकात झाडू मारायचा. कायद्यात त्याला 'अंगलट' म्हणतात. शब्द ज्याने शोधला त्याच्या डोक्यात काय होतं देव जाणे.

माझं इस्त्रीचं दुकान खात्याच्या चौकीसमोर, त्यामुळे हा तमाशा मला रोज फुकटात दिसतो. त्या पिवळ्या बंड्या शिवते कोण, तर शिट्टीची आई. काम लेकानेच मिळवून दिलं. नवऱ्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ती त्याला हात धरून बागेत न्यायची. पुढे डोळे बरे झाले, हात काही सुटला नाही.

परवा एका नव्या शिपाईबाईने दोघांना पकडून चौकीत आणलं. हे कोण, तिला काय ठाऊक. मी गणवेश पोचवायला तिथेच होतो. शिट्टीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याची बढती ठरत आली होती, आणि मुकादमाचेच आईबाप झाडू मारताना दिसले तर सगळंच मुसळ केरात. पण एक पळवाट होती. आजाऱ्याला आधार देणं माफ होतं.

"आई, बाबांना अजून नीट दिसत नाही, म्हणून आधार दिलास ना?" त्याने विचारलं.

"तुझ्यापेक्षा बरं दिसतं त्यांना," ती म्हणाली. "आधार कसला? घरचे नको म्हणत होते, तरी याच माणसाचा हात धरून पळून आले मी. तेव्हा सोडला नाही, आता तुझ्या बढतीसाठी सोडू? हात धरला, असं लिही."

म्हातारा मान खाली घालून हसत होता. शिट्टीने शिपाईबाईकडे पाहिलं, घाम पुसला आणि लिहिलं, 'अंगलट'. आईने ते वाचलं आणि ती नवऱ्याचा हात धरूनच चौकीबाहेर पडली.

सकाळी दोघं चौकात हजर. म्हाताऱ्याला बंडी ढगळ होत होती, तिने उभ्याउभ्या चार टाके घालून बसती केली. मग प्रत्येकाच्या एका हातात झाडू आणि दुसरा हात जोडीदाराच्या हातात, अशी दोघं झाडू लागली. लेकाची शिट्टी ओठांतच राहिली, वाजली नाही.

बढती मात्र मिळाली. सख्ख्या आईबापालाही सोडलं नाही, म्हणून साहेबांनी भर सभेत त्याची पाठ थोपटली. असल्या खात्याला असलीच माणसं लागतात.

त्याचा नवा कोट माझ्याकडे इस्त्रीला आला, तेव्हा बाही उसवलेली होती. आईकडे दे की, मी म्हटलं.

"ती माझं काही हातात घेत नाही," तो म्हणाला.

मी उसवलेल्या बाहीवर कडक इस्त्री फिरवली आणि कोट तसाच परत दिला.