थोरल्या साडूंचं व्हिनेगर

जिवाणूंची झोपमोड होईल म्हणून स्वयंपाकघरात हळू बोलणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच असावा, आणि तो नेमका माझा थोरला साडू आहे. शाळेत रसायनशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि केडगावच्या घरी उसाच्या रसाचं व्हिनेगर करू लागले. रस आंबून त्याची दारू झाली की त्यात जुन्या बरणीतलं विरजण घालायचं. मग जिवाणू हवा घेत घेत त्या दारूचं आम्ल करतात. म्हणून बरणीला मलमलीचं फडकं, झाकण कधीच नाही. "त्यांना श्वास घ्यायचा असतो," हे ते पाहुण्यांनाही दरडावून सांगत. परगावी लग्नाला गेले की शेजाऱ्यांना फोन करून आधी बरणीची चौकशी, मग घराची. एकदा माझ्या बायकोने वरची जिवाणूंची साय घाण समजून चमच्याने काढली, तर ते भरल्या ताटावरून उठले.

मग एका तापात त्यांच्या पत्नीचं, आमच्या आक्कांचं, नाक गेलं. फोडणी करपली तरी कळेना. बेलापूरच्या माहेरात सुगरण म्हणून नावाजलेल्या आक्का चुलीपाशी जायला भिऊ लागल्या. साडू रोज सकाळी फडकं उचलून बरणी त्यांच्या नाकाशी धरत.

"येतंय काही?"

"लई झोंबतंय."

"झोंबणं वेगळं, वास वेगळा," म्हणत ते फडकं बांधत. असे आठ महिने गेले.

उन्हाळ्यात चिलटं झाली म्हणून त्यांनी स्वतःच बरणीवर ताटली ठेवली आणि विसरले. आम्ही बाहेर ओट्यावर चहा घेत होतो. आक्का आतून आल्या.

"अहो, नेलपॉलिशसारखा वास कशाचा येतोय?"

हवा न मिळाल्याने बरणी बिघडली होती. अशा वेळी अगदी तोच वास सुटतो. साडूंनी कप खाली ठेवला.

"पुन्हा सांग."

आक्कांनी पुन्हा सांगितलं. अकरा वर्षांचं विरजण वाया गेलं होतं, आणि हा माणूस पंच्याने डोळे पुसत हसत होता.

आता आक्कांना कांद्याचा वास येतो, हिंगाचा येतो. मोगऱ्याचा मात्र अजून नाही. साडू रोज संध्याकाळी दोन फुलं आणून त्यांच्या हातावर ठेवतात. आक्का ती नाकाशी नेऊन म्हणतात, "येतोय हो, थोडा थोडा." साडू पुढे काही विचारत नाहीत.