बहिणीच्या पर्समधलं काडतूस

माझी धाकटी बहीण अमेरिकेत पर्समध्ये पिस्तूल घेऊन फिरते, हे कळलं तेव्हा मी तिला फोनवरच झापलं होतं. ती नर्स आहे, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन मलमपट्टी, इंजेक्शनं बघते. एकदा पार्किंगमध्ये एक माणूस तिच्या मागेमागे गाडीपर्यंत आला आणि दार ओढायला लागला. त्यानंतर तिने रीतसर ट्रेनिंग घेतलं, बोटांचे ठसे दिले आणि लपवून शस्त्र बाळगायचा परवाना काढला. मला त्या गोष्टीत तो माणूस दिसलाच नाही, पिस्तूल तेवढं दिसलं. माझं हे असंच. तोंड आधी चालतं, डोकं मागून येतं.

गेल्या महिन्यात ती आमच्याकडे सिंगापूरला, बिशानमधल्या घरी आली. पिस्तूल अर्थातच तिकडे, तिच्या घरी, कुलपात. तरी मी गप्प बसते होय! पहिल्याच दिवशी तिला खालच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत नेलं. ही गर्दी. टेबल अडवायला इथे लोक टिश्यूचं पाकीट ठेवून जातात. मी तिच्या खांद्यावरची पर्सच ओढली, टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "चल, ऑर्डर देऊन येऊ."

"अगं ताई, पासपोर्ट आहे त्यात!"

"कोणी घेत नाही लाह, मावशी," माझी लेक इथल्या ढंगात म्हणाली, आणि आम्ही मायलेकी खो खो हसलो.

जेवताना विषय निघालाच. तिच्या राज्यात आता परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगू द्यावं का, यावर वाद पेटलाय. ती म्हणाली, "मी त्याच्या विरुद्ध आहे. ज्याला शिकवलेलं नाही, त्याच्या हातात ते देऊ नये. परवाना हवाच." थोडं ऐकून घेतलं असतं तर माझं काय बिघडलं असतं? पण नाही. "परवाना कसला डोंबलाचा! वेडेपणाला सरकारी शिक्का," मी म्हटलं. "इथे बघ, कायदा म्हणजे कायदा. सगळे पाळतात, म्हणून पर्स टेबलावर राहते."

"तुझ्या मागे कधी कोणी आलेलं नाही, ताई."

"कारण मी राहायची जागा नीट निवडली."

काय हे बोलणं! पण तेव्हा मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. ती खाली बघून नूडल्स खात राहिली.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तिने एका हरवलेल्या कानातल्यासाठी तीच पर्स माझ्या पलंगावर झटकली. कानातलं मिळालं. पण अस्तराच्या फाटक्या कोपऱ्यातून आणखी एक पिवळं, बोटाच्या पेराएवढं काहीतरी चादरीवर पडलं. जिवंत काडतूस. घरून निघताना तिने सगळे कप्पे तपासले होते, अस्तर फाटलेलं तिच्या लक्षात आलं नव्हतं. एवढ्या विमानतळांवरच्या मशिनांनाही ते कसं दिसलं नाही, देव जाणे. इथे असलं काही जवळ सापडणं म्हणजे पोरखेळ नव्हे.

"टाक ते शूटमध्ये," मी म्हटलं. किचनमधली झडप उघडली की कचरा थेट तळमजल्यावर जातो. कोणाचा कुठला, कोणाला कळतंय?

"ताई, ते जिवंत आहे. खाली कचरा काढणाऱ्याला काही झालं तर? पोलिसांना फोन करू. ते इथे येऊन नेतील."

"इथे? माझ्या दारात पोलीस? अजिबात नाही हं! आमचा पीआरचा अर्ज आत्ताच गेलाय. कायमचं राहायचंय आम्हाला इथे. नसती बिलामत!"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

तिने काडतूस रुमालात गुंडाळलं. "मग मीच जाते पोलीस चौकीवर घेऊन. पण वाटेत कोणी अडवलं तर मी काय सांगू? ये ना बरोबर, ताई." लहानपणी दाताच्या डॉक्टरकडे जाताना म्हणायची, अगदी तसंच म्हणाली.

"लेक येईल आता शाळेतून," मी म्हटलं. लेकीकडे स्वतःची किल्ली असते. बहिणीलाही ते माहीत होतं. ती एकटी गेली.

संध्याकाळ झाली तरी तिचा पत्ता नाही. फोन लागेना. लेक दोनदा येऊन विचारून गेली, "आई, मावशी एकटीच का गेली?" मी तिच्यावरच खेकसले. बहिणीला आत टाकलं असेल, तिचं विमान चुकेल, तिकडची नोकरी जाईल, सगळं डोक्यात येत होतं. पण खरं सांगायचं तर त्याच्याही आधी आमचा अर्ज येत होता.

बेल वाजली. दारात ती, चेहरा पांढराफटक. खोदून खोदून विचारलं म्हणे, सगळं लिहून घेतलं, कडक ताकीद दिली आणि सोडलं. ती वाकून बुटांचे बंद सोडत होती. मी तिला आत तरी येऊ द्यायचं!

"पत्ता कुठला दिलास?" मी विचारलं.

"तुझाच द्यावा लागला," ती मान वर न करता म्हणाली. "पण बहिणीला यातलं काही माहीत नाही, ती घरी नव्हतीच, असं सांगितलं. घाबरू नकोस. तुमच्या अर्जाला काही होणार नाही."

कचऱ्यात टाकून मोकळं व्हायला जी तयार झाली नाही, ती माझ्यासाठी पोलिसांशी खोटं बोलून आली होती. आणि मला, देवाशपथ सांगते, आधी हायसं वाटलं.