हार्ड डिस्कची टकटक

भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये माझे हे लेथ मशीन चालवतात आणि मी पार्टिशनच्या आड कॉम्प्युटरवर पार्टची ड्रॉइंग काढते. परवा हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली. एक फाइल उघडेपर्यंत चहा उकळून गार व्हायचा. शेवटी मी नवऱ्याला हाक मारली.

बेअरिंग तपासताना करतात तसंच ह्यांनी केलं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक कॉम्प्युटरच्या डब्याला टेकवलं, त्याच्या मुठीला कान लावला आणि डोळे मिटून म्हणाले, "गेलंय. आत काहीतरी घासतंय." मग सवयीने तेलाची कुपी उचलली.

"अहो, ठेवा ती आधी," मी खेकसले. "त्यात तेल घालत नसतात."

"मग नवा कॉम्प्युटर घेऊ."

"घ्या की. पण आपली सगळी ड्रॉइंग ह्याच्यातच आहेत."

ते पुन्हा लेथकडे गेले. मी पेन ड्राइव्ह लावून फाइली उतरवायला घेतल्या. स्क्रीनवरची पट्टी जागची हलेना, आणि लेथमुळे टेबल नेहमीसारखं थरथरत होतं. जरा वेळाने ते थरथरायचं थांबलं. मला वाटलं लाइट गेली, पण स्क्रीन चालूच होता.

मी पार्टिशनपलीकडे डोकावले. लेथवरचा जॉब अर्धाच कापलेला होता, मशीन बंद होतं आणि हे स्टुलावर हात बांधून बसले होते.

"हादरे बसतात ना त्याला," ते म्हणाले.

आमच्या साखरपुड्याला हा माणूस हातातला जॉब संपवूनच आला होता.