बिनडोळ्यांचे भाडेकरू

रोपवाल्या मावशींच्या चुलीवर चहा उकळत होता आणि सून डब्याचं हरवलेलं झाकण शोधत होती, तेवढ्यात दारावर थाप पडली. थाप कसली, धडकाच!

शेजारचे वकीलसाहेब. हातात काचेचा पेला, चेहरा खटला हरल्यासारखा.

"मावशी, हे काय पाजताय आम्हाला?"

पेल्यात कणीएवढे पांढुरके जीव वळवळत होते. वकिलांच्या अंगणात त्यांची स्वतःची विहीर होती, तरी वर्षभर ते नळी टाकून मावशींच्याच विहिरीचं पाणी नेत होते.

"आमच्या विहिरीत दर महिन्याला जंतू मारायची ब्लीचिंग पावडर पडते. एक किडा दाखवा!"

"मग तेच प्या की," सून आतून म्हणाली.

"त्याला वास येतो," वकील पुटपुटले, आणि लगेच आवाज चढवून, "पाणी तपासणाऱ्या बाई येताहेत आज. त्या नाही म्हणाल्या तर विहीर बुजवायची!"

मावशी उंबऱ्यावर बसल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा हौसेनं फुटक्या डब्यांत रोपं लावली होती. नवरा गेला आणि हौसेचा धंदा झाला. मुलाचं शिक्षण, लग्न, सगळं त्या रोपांनी केलं. खत म्हणजे अंगणातला पाचोळा. औषध फवारायला हात धजला नाही. गांडुळं मेली की माती रुसते, म्हणायच्या. गल्लीनं त्यांच्या अंगणाला 'पाचोळा संस्थान' असं नावच पाडलं होतं. आता विहीर बुजली तर रोपं माना टाकणार, आणि मग घरही.

तपासणीच्या बाईंनी दोरीला बांधलेली बारीक जाळी मावशींच्या विहिरीत सोडली, वर काढली, भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"आता आमचीही बघा, म्हणजे फरक कळेल," वकील म्हणाले.

तिथली जाळी रिकामी आली.

"पाहिलंत? एक जीव नाही!"

"हो ना," बाई म्हणाल्या. "एकही जगला नाही."

वकील वाकून आपल्या विहिरीत पाहू लागले.

"मावशींच्या विहिरीतले ते किडे नाल्यातले नव्हेत," बाई सांगू लागल्या. "जमिनीखालच्या पाण्यातच जन्मतात. तिथे अंधार, म्हणून डोळे नाहीत, रंग नाही. पाण्यातली घाण खाऊन राहतात. मावशींची माती मोकळी आहे, गांडुळांनी पोखरलेली. पाऊस तिच्यातून गाळत गाळत खाली उतरतो. तुमच्या अंगणात भिंतीपासून भिंतीपर्यंत फरशी. पाऊस थेट गटारात. वर ती पावडर."

"म्हणजे विहीर राहणार?" मावशींनी विचारलं.

"बुजवायचं कारण दिसत नाही. पिण्याचं मात्र बाटलीत भरलेला नमुना प्रयोगशाळेत तपासल्यावर ठरेल. तोवर गाळून, उकळून घ्या."

काही दिवसांनी नमुन्याचा निकाल आला. पाणी चांगलं होतं. सुनेनं तो मोठ्यानं दोनदा वाचला. मावशी हसता हसता पदरानं डोळे पुसू लागल्या. "अगं, इतकी वर्षं फुकटचे भाडेकरू ठेवले मी, आणि साधी ओळखसुद्धा नाही!"

कुंपणापलीकडे वकील घुटमळत होते. "मावशी, फार बोललो त्या दिवशी. आमच्या विहिरीचं काही होईल का?"

"ते त्या बाईंना विचारा. माझं एकच मागणं आहे."

"सांगा ना."

"कुंपणालगतची तेवढी फरशी काढून टाका. पाऊस मुरू दे तिथेही."